बेसिनवरची डबी

सुमन,

मृणाल म्हणाली, "बाबा, मंडळाच्या अंकात आईंवर दोन पानं लिहा. त्यांना सगळे ओळखायचे." मी म्हटलं, सगळे ओळखायचे तर लिहायचं कशाला?  ती टेबलावर कोरे कागद आणि पेन ठेवून तांजोंग पगारला ऑफिसात गेली. तुझी सून भांडत नाही, एवढी एकच वाईट खोड आहे तिला. आता सिंगापूरच्या या घरात मी भांडायचं कुणाशी?

म्हणून तुझ्याशीच. तुझं माहेर कुठलं, तू किती शिकलीस, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना त्याचं काही नाही.

दाढ ठणकतेय. तीच, खालची, उजवीकडची. बसलं की जास्त ठणकते, चाललं की जरा उतरते. म्हणून चार ओळी लिहितो, उठतो, हॉलमधून स्वयंपाकघरात जातो, येताना बाथरूमच्या दाराशी थांबतो आणि परत येऊन बसतो. दाराशी का थांबतो ते तुला सांगायला नको. बेसिनवर तुझी निळी डबी आहे. डबीत पाणी, पाण्यात तुझी कवळी. साड्या मृणालनं घड्या घालून वर ठेवल्या. चपला कुणाला तरी दिल्या. अस्थी प्रशांतनं समुद्रात सोडल्या, मी बोटीत बरोबर होतो. तुझ्या अंगाचं म्हणावं असं घरात एवढंच राहिलंय, आणि तेही तुझ्या अंगाचं नाही. दुकानात मापं घेऊन केलेलं.

परवा प्रशांत दात घासता घासता म्हणाला, "बाबा, हे आता काढू या का?"

"काढू या म्हणजे?"

"म्हणजे... ठेवून काय करायचं?" आणि त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं भिंतीत ती कचऱ्याची झडप आहे ना, उघडून पिशवी सोडली की धडधडत थेट तळाशी जाते.

मी म्हटलं, "आईचे दात आहेत ते. तुझ्या पिझ्झ्याचा खोका नाही." त्यानं चूळ भरली आणि गेला. पोराचं पण बरोबर असेल. सकाळी उठून डोळे चोळत बेसिनपाशी जायचं आणि आई नुसती दात काढून बघतेय, हे कुणाला बरं वाटेल? पण मला ती टाकवत नाही. त्याचं कारण आहे, आणि ते भावनेचं वगैरे नाही. तू काहीतरी बोलणार होतीस. ते बोलायला तुला दात पाहिजे होते.

उठून आलो. लवंगेचं तेल लावलं. तू नाहीस म्हणून सरळ बोटानं लावलं.

हॉस्पिटलात तुला ऑक्सिजनचा मास्क लावायचा होता तेव्हा त्या फिलिपिनो नर्सनं कवळी काढायला लावली. तू तोंड मिटून घेतलंस. मी सांगितलं, "काढ की, तिनं काय जगात बोळकं बघितलं नाही?" तू माझ्याकडे असं बघितलंस की नर्ससुद्धा हसली. मग पडदा ओढून घ्यायला लावलास, मला बाहेर काढलंस, आणि मग काढलीस. मला बाहेर काढलंस! एवढा संसार झाला, आणि तुझं बिनदाताचं तोंड मी बघायचं नाही. नर्सनं डबी माझ्या हातात दिली. म्हणाली, अंकल, घरी न्या, इथं हरवतात. मी नेली.

दुसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. मास्क काढून नाकात नुसती नळी ठेवली होती. आणि तू बोलेनास. चादर नाकापर्यंत ओढून घेतलेली. प्रशांत म्हणाला, "आई, बोल ना, कसं वाटतंय?" तू मान हलवलीस. मग माझ्याकडे बघून ओठावर बोट आपटलंस. एकदा, परत एकदा. मी म्हटलं, "दात?" तू डोळे मिटून हो म्हणालीस. आणि वर एक बोट माझ्याकडे रोखलंस. ते बोट मला माहीत आहे. थांबा, तुमच्याशी बोलायचंय, असं ते बोट.

मी गेलो. बस लगेच मिळाली, कुठं थांबलो नाही, लिफ्टही खालीच उभी होती. घरी येऊन डबी घेतली, चिकटवायच्या पेस्टची ट्यूब घेतली आणि परत आलो. कुणाची काही चूक नाही यात. लोक विचारतात म्हणून लिहितो. मी आलो तेव्हा पडदा ओढलेला होता आणि प्रशांत बाहेर खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांमध्ये घालून. लहान असताना शाळेतून मार खाऊन आला की बसायचा तसा.

डबी माझ्या खिशात होती.

त्याच्यानंतर घरातला प्रत्येक जण मला सांगतोय तू काय बोलणार होतीस. प्रशांत म्हणतो, आईला पुण्याला जायचं असणार. मृणाल म्हणते, ईराबद्दल असेल काही, तिला मराठी शिकवा म्हणून. ईराला कुणी विचारलं नव्हतं. तीच इथल्यासारखं ला लावून म्हणाली, "आजी वॉन्टेड टू स्कोल्ड आजोबा, ला. ऑब्व्हियस." मृणाल तिच्यावर ओरडली. मला मात्र वाटलं, घरात अक्कल आहे ती या पोरीलाच.

कारण तुला हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी आपलं भांडण चाललं होतं, आणि ते अर्धं राहिलं. याच दाढेवरून.

तू आलीस ना इथं पहिल्यांदा, मिश्री सोडून आलीस. इथं तसली तंबाखूची पूड आणायलाच बंदी. विमानतळावर पकडतील म्हणून तू डबा पुण्यालाच ठेवलास आणि इथं आल्यावर डोकं धरून बसलीस. हिरड्या शिवशिवतात म्हणालीस. भिंतीला डोकं टेकायचीस. मी म्हटलं, थोडी आणायला हवी होती. तू म्हणालीस, "नको. अक्काचं बघितलंय मी." तुझ्या थोरल्या बहिणीच्या गालात आत एक जखम झाली होती, जन्मभर मिश्री लावून. दुखायची नाही, म्हणून कुणी बघितलीच नाही. दुखायला लागली तेव्हा बघून उपयोग नव्हता. तेव्हापासून न दुखणाऱ्या जखमेला तू जास्त भ्यायचीस.

त्या शिवशिवणाऱ्या हिरड्या घेऊन तू खाली फार्मसीत गेलीस, आपल्या यिशुनच्या शॉपिंग सेंटरमध्ये, आणि तुला तुझं देऊळ सापडलं. असंच म्हणतो मी. बाकीच्या बायका साड्यांच्या दुकानात रमतात, तू तोंडाच्या औषधांच्या फळीपुढं. ती चष्मेवाली फार्मसिस्ट चिनी, तू साताऱ्याकडची, आणि दोघींचं जमायचं कसं मला कळलं नाही. तू म्हणायचीस, "माय मिस्टर. दाढ. बिग होल. क्रीम गिव." आणि ती विचारायची, "आंटी, हॅव फीव्हर? फेस गॉट स्वेलिंग? टेकिंग एनी मेडिसिन?" तू घरी येऊन सांगायचीस, "बघा, परकी पोरगी किती चौकशी करते. बीपीची गोळी कुठली ते सुद्धा विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?"

बधिर करायचं जेल तिनं दिलं, आणि वर सांगितलं, "जेल कॅन. बट फ्यू डेज ओन्ली. देन मस्ट सी डेंटिस्ट, हां, आंटी."

तू ते जेल माझ्यापुढं आपटलंस. "ऐकलंत? दुकानवाली सांगते, माझ्या दुकानात परत येऊ नका, डॉक्टरकडे जा. असला दुकानदार बघितलाय कधी?"

"मग तिचा धंदा बसणार."

"बसू दे. तुमची दाढ बसायच्या आधी जा."

हळूहळू सगळ्या मराठी बायका तुलाच विचारायला लागल्या. प्रशांतला ऑफिसच्या ताणानं तोंड आलं की तू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायचीस, तिखट बंद, वरून लावायची ती पेस्ट, आणि बोट दाखवून, "दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टर. दुखत नसलं तरी डॉक्टर." थंड पाणी झोंबतं म्हणून आलेल्या बँकेतल्या बाईला तू फळीवरची वेगळी टूथपेस्ट सांगितलीस आणि ब्रश इतका घासू नकोस, ते भांडं नाही, म्हणून झापलंस. ती परत आली तर केळ्याचे वेफर्स घेऊन आली. सगळ्यांनी तुझं ऐकलं. मी सोडून.

मी ऐकलं नाही कारण लवंगेच्या तेलानं माझं भागत होतं. भोसरीच्या कारखान्यात सगळे तेच करायचे. लेथवर उभं असताना दाढ दुखली की लवंग धरायची दाताखाली आणि काम चालू. तू म्हणायचीस, "अहो, लवंगेचं तेल म्हणजे दाढेला नुसतं गप बस म्हणणं. दाढ गप बसते. कीड ऐकत नाही." आणि लावायचंच तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घ्या, दाढेवर धरा, हिरडीला लागू देऊ नका, भाजते. हेही रोजचं. मी बोटानंच लावायचो. तू बघतेयस हे बघून मुद्दाम.

परत उठलो. खाली जाऊन आलो. पाऊस येतोय की नाही कळत नाही, नुसतं दाटून आलंय, अंगाला चिकटतंय. फार्मसीपर्यंत गेलो आणि आत गेलो नाही. ती चष्मेवाली काचेतून दिसली. ती विचारणार, आंटी कुठं आहेत. मग मी काय सांगणार, क्रीम गिव?

तुझी कवळी इथंच झाली. नवीन होती तेव्हा तुझ्याकडे ही निळी डबी नव्हती. तू ती स्टीलच्या पेल्यात ठेवायचीस, त्यात ती साफ करायची गोळी टाकून. मी हॉकर सेंटरवरून काहीतरी लालभडक खाऊन आलो होतो, छातीत जळत होतं. ओट्यावर पेला फसफसतोय. मला वाटलं, वा, न सांगता बायकोनं ॲसिडिटीचं औषध करून ठेवलंय. उचलला आणि एक घोट घेतला. पुदिन्याची चव लागली, म्हटलं सिंगापूरची असेल. दुसरा घोट घ्यायला पेला वाकडा केला, फेस बाजूला झाला, आणि तळाशी तू हसत होतीस.

मी जो ओरडलो! मृणाल धावत आली, तिनं गोळ्यांचं पाकीट वाचलं आणि पांढरी पडली. चूळ भर, थुंक, पाणी, खालच्या दवाखान्यात ने. डॉक्टरनं बसवून ठेवलं, घसा सोलल्यासारखा झाला होता, नंतर कितीतरी दिवस आमटीसुद्धा झोंबायची. आणि तू? परत घरी आलो, फार काही नाही झालं असं कळलं, आणि तू खुर्चीवर बसून हसायला लागलीस. थांबेचना. दात पेल्यातच होते. तू पदर लावायला विसरलीस. तेवढं एकदा मी बघितलं तुला. सगळं तोंड उघडं, लहान पोराच्या तोंडासारखं गुलाबी. मग तुझ्या लक्षात आलं आणि पटकन पदर.

झाकणाची निळी डबी तू दुसऱ्या दिवशी आणलीस. माझ्यापासून दात वाचवायला म्हणालीस.

आता ते लिहितो जे मला डाचतंय. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर तुला आणून ठेवलं होतं. खुर्च्या मांडलेल्या, पंखे लावलेले, सगळं मंडळ आलेलं. तुझे गाल आत गेले होते. हनुवटी वर आली होती. लोक येऊन बघत होते, आणि मला कळत होतं की तुला हे चालणार नाही. मी खिशातून डबी काढली. गुरुजी आपलेच, आठवडाभर हिशेब तपासतात आणि रविवारी पूजा सांगतात. ते म्हणाले, "काका, कवळी नको. कृत्रिम असेल ते काढूनच ठेवतात."

मी म्हटलं, "आणि तुम्ही तोंडात सोन्याचा मणी ठेवलात, तो काय तिच्या हिरडीत उगवला होता?"

कुणीतरी हसलं. प्रशांत माझा दंड धरून म्हणाला, "बाबा, प्लीज." शेवटी तो शववाहिकेवाला चिनी म्हातारा पुढं आला. त्यानं तुझ्या जबड्याला हलकेच हात लावून बघितलं. म्हणाला, "अंकल, कॅनॉट. टू लेट. आता बसणार नाही." म्हणजे शेवटचं हातानं सांगितलं. त्याच्यावर मला राग आला नाही. त्यानं बघून सांगितलं.

मग मी तुझा पदर ओढून तुझ्या तोंडावर घेतला, तू घ्यायचीस तसा. दर्शनाला येणारी बाई तो बाजूला करायची, मी परत घ्यायचो. प्रशांतला वाटलं माझं डोकं फिरलंय. तिथं शहाणा मी एकटाच होतो.

चारला दाढेची अपॉइंटमेंट आहे. तू मृणालकडून घेतली होतीस ती हुकली, तिनं परत घेतलीय. मला विचारलं नाही. नुसता मेसेज आला, मी अर्धी सुट्टी घेऊन येतेय म्हणून. मी जाणार नाही असं आपल्या भांडणात शेवटचं बोललो होतो. तू म्हणालीस, "का नाही? भ्यायला काय झालं?" मी म्हटलं, भीत नाही, परक्या माणसानं तोंडात बघितलेलं मला आवडत नाही. तू काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुला खोकला आला. आणि मग खोकलाच राहिला.

आता मृणाल दारात उभी आहे. थांब.

गेलो होतो.

आता लिहितोय ते तोंडात कापडाचा बोळा धरून. दात बघणारी मुलगी एवढीशी होती. तोंडात दिवा घातला आणि म्हणाली, "अंकल, व्हाय सो लेट?"

मृणाल म्हणाली, "त्या विचारतायत, एवढा उशीर का."

"तेवढं कळतं मला."

हिरडी पांढरी पडली होती. भाजलीय म्हणाली, तेलानं. मृणालनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचं चांगलं. दाढ वाचण्यासारखी नव्हती. सुई टोचली तेवढं कळलं, मग नुसती ओढाओढ, जुना बोल्ट काढावा तशी. भिण्यासारखं काही नव्हतं. हे तुला सांगायला लागलं म्हणून वाईट वाटतंय, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. तिनं विचारलं, दाढ पाहिजे का? मी म्हटलं, टाका. आज गुळण्या नाहीत, थुंकायचं नाही, उद्यापासून मिठाचं कोमट पाणी. तुझंच सगळं, फक्त इंग्रजीत.

घरी आलो तर ईरा दाराशीच. "आजोबा! डिड दे पुल? शो मी, शो मी!" मी खिशातला रुमाल काढला आणि तोंडावर धरला. ती खाली वाकून बघायला लागली तर मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "मम्मा, लुक, आजोबा आजीसारखं करतायत."

मी तसाच उभा राहिलो. अर्धं तोंड बधिर, लाळ गळते की काय कळत नाही, बोळ्यातून रक्ताची चव. कुणी बघू नये एवढंच वाटत होतं. नातीनं सुद्धा. आणि हॉस्पिटलात मी तुला म्हणालो होतो, काढ की.

आता दाढ नाही तिथं जीभ सारखी जाते. परत परत जाते. ठणका गेलाय पण बसवत नाही ते नाहीच. मृणालनं बर्फाची पिशवी दिली, आइसक्रीम आणलं, आणि म्हणाली, "बाबा, लिहून झालं का?" मी मान हलवली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. नळाचा आवाज येत होता. मी जाऊन बघितलं तर ती तुझी डबी घासत होती, लहान ब्रशनं, कोपऱ्याकोपऱ्यातून. कवळी तळहातावर घेतली होती. तिनं प्रशांतला काय सांगितलंय माहीत नाही, पण तो आता कचऱ्याच्या झडपेकडे बघत नाही.

तर सुमन, दाढ काढली. त्या दिवशी बोट रोखून तू हेच सांगणार होतीस तर ते झालं, आता तू गप बस. पण दुसरं काही असेल, मला न सुचलेलं, प्रशांतलाही न सुचलेलं, तर दात बेसिनवर आहेत. पाणी मी रोज बदलतो.